अळ्या पाळणारं गाव

पर्यटकांचे गट परदेशात नेणं हे माझं काम. पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटावर जोझानीचं जंगल आमच्या सहलीत असतंच. झांझिबारबाहेर कुठेही न सापडणारी लाल कोलोबस माकडं बघायची म्हणून. जवळच पेटे गावात २००८ साली सुरू झालेलं फुलपाखरू केंद्र आहे. तिथे आम्ही उभ्याउभ्याच डोकावून निघायचो. त्या दिवशी मात्र गट तिथून हलेना.

कारण ठरले जालन्याकडचे एक काका, मोसंबीचे बागायतदार. जाळीच्या बागेतली फुलपाखरं त्यांनी धावतीच पाहिली. पण अळ्यांच्या खोक्याशी थबकले. लिंबाच्या डहाळीवरच्या हिरव्या अळीला त्यांनी बोट लावलं, तशी तिने डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. "ताई, ही तर आमचीच! पानं खाणारी अळी. हिच्यावर फवारे मारून मारून थकलो आम्ही."

खरं तर ती आपल्या लिंबाळी फुलपाखराची नव्हे, तिच्या आफ्रिकेतल्या जवळच्या नातलगाची अळी. गावातले शेतकरी अशा अळ्या घरी वाढवतात आणि त्यांचे कोष केंद्राला विकतात. तिकिटाच्या पैशातून त्यांना मोबदला मिळतो. एरवी जंगलाकाठी पैसा म्हणजे लाकूडफाटा नाहीतर कोळसा. पण कोष विकायचे तर अळीचं झाड जगायला हवं, आणि प्रत्येक जातीचं झाड ठरलेलं.

कोष घेऊन आलेला एक शेतकरी तिथेच होता. काकांची मराठी मी इंग्रजीत, गाइड ती स्वाहिलीत, आणि उत्तर त्याच वाटेने परत. हा संवाद मला फार मोलाचा वाटतो. काकांनी विचारलं, तुझा सगळ्यात मोठा शत्रू कोण? तो म्हणाला, मुंग्या, आणि अळीत अंडी घालणाऱ्या बारीक माश्या. त्यांना अडवायलाच ही जाळी.

काका एकदम म्हणाले, "अहो, ते तर आमचे मित्रकीटक! फवाऱ्यात अळीआधी तेच मरतात."

हे स्वाहिलीत पोचलं, तसा तो शेतकरी मोठ्याने हसला आणि त्याने काकांचा हात धरला. मग झाडं किती, पाणी कुठून, भाव काय, असं सुरू झालं. मसाल्याच्या बागेची वेळ मी सरळ पुढे ढकलली.

बसमध्ये काका म्हणाले, "शेतघराजवळ कढीपत्ता, बेल आणि ईडलिंबू आहेत. त्यांच्यावरच्या अळ्यांना आता फवारा नाही." जाळीची भोकं किती बारीक लागतात, तेही त्यांनी विचारून घेतलं होतं.