चांगीवर रात्र काढायची तर

मेलबर्न-सिडनीहून दुपारी उशिरा निघालं की सिंगापूरला उतरेपर्यंत रात्र झालेली असते आणि मुंबईचं विमान थेट सकाळी. लेकीकडे किंवा मुलाकडे राहून परतणाऱ्या आई-वडिलांच्या तिकिटात हा आठ-दहा तासांचा खंड बऱ्याचदा असतो. सिंगापूरच्या या चांगी विमानतळाची कीर्ती मोठी आहे, पण ती बहुतेक दिवसाची. रात्री बागेतली फुलपाखरंही झोपलेली असतात. रात्र काढणाऱ्याला आडवं व्हायला जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि वेळेवर गेट एवढंच हवं असतं. ते सगळं मिळतं, फक्त चांगीची रचना मुंबई-दुबईपेक्षा वेगळी आहे हे आधी कळलेलं बरं.

खरी तयारी तिकिटापासून सुरू होते. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असतील तर सामान मेलबर्नला दिलं की मुंबईलाच ताब्यात घ्यायचं. तरी काउंटरवर बॅगेची जी चिकटपट्टी मिळते ती तिथेच उभं राहून वाचा. शेवटचं गाव बीओएम, म्हणजे मुंबईचा विमानतळ-संकेत, छापलेलं हवं. एसआयएन, म्हणजे सिंगापूर, दिसलं तर काउंटर सोडायचा नाही. पुढचा बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्या, म्हणजे रात्री ट्रान्स्फर डेस्क शोधत फिरावं लागत नाही.

दोन स्वतंत्र स्वस्त तिकिटं जोडून प्रवास करणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. अशा वेळी सामान बहुधा सिंगापूरच्या पट्ट्यावर येतं. ते उचलायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं आणि भारतीय पासपोर्टला त्यासाठी व्हिसा लागतो. हे लक्षात आलं की विमान कंपनी मेलबर्नलाच चढू देत नाही. वाचवलेले पैसे तिथेच नवं तिकीट काढण्यात जातात.

व्हिसाला एक वाट आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एकाचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल, तर भारतीयांना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडता येतं. पण हा हक्क नव्हे. शेवटचा निर्णय इमिग्रेशनच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याचा. व्हिसाची मुदत संपत आलेली असेल तर ही सवलत गृहीत धरू नका, सिंगापूरच्या आयसीए या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर अटी वाचूनच निघा. बाहेर पडणाऱ्याने एसजी अरायव्हल कार्ड हा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते सरकारी नाही, बंद करा.

एवढं करून रात्री बाहेर पडावं का? आमचं मत, नको. ज्वेल या काचेच्या घुमटातला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या पलीकडे आहे आणि रात्री उशिरा तो बंद होतो, दुकानंही दहाच्या सुमारास मिटतात. मेट्रोची शेवटची गाडी साडेअकराच्या आसपास जाते आणि पहिली पहाटे साडेपाचच्या आसपास येते. मधल्या वेळात टॅक्सीच उरते, आणि मध्यरात्र ते सकाळी सहा तिच्या मीटरवर ५० टक्के जादा आकार लागतो. धबधबा बघायचाच असेल तर टर्मिनल २ ते ३ जाणारी स्कायट्रेन ही विमानतळाची आतली छोटी गाडी ज्वेलच्या आतून जाते. काचेला नाक लावून बसलात तर काही सेकंदांचं ओझरतं दर्शन व्हिसाशिवाय होतं.

आता उतरल्यावर. चांगीत गेटच्या अक्षरावरून टर्मिनल ओळखता येतं: सी आणि डी म्हणजे टर्मिनल १, ई आणि एफ म्हणजे २, ए आणि बी म्हणजे ३, जी म्हणजे ४. विमानातून बाहेर पडताच पहिल्या फलकावर पुढच्या विमानाचं टर्मिनल बघून ठेवा. गेटचा नंबर इतक्या आधी लागलेला नसतो आणि लागला तरी बदलू शकतो. पहिली तिन्ही टर्मिनल आतल्या आत जोडलेली आहेत. स्कायट्रेन मध्यरात्रीनंतर काही तास थांबते, पण सरकत्या पट्ट्यांवरून चालत जाता येतं. टर्मिनल ४ मात्र वेगळं, अंतरावर आहे. तिथे शटल बसनेच जायचं, म्हणून पुढचं विमान तिथून असेल तर रात्रीच तिकडे मुक्काम हलवलेला बरा.

रचनेतला मुख्य फरक असा. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये उतरलेले आणि चढणारे प्रवासी एकाच दालनात मिसळतात. उतरल्यावर सुरक्षा तपासणी नाही, थेट गालिचे, दुकानं आणि बागा. कुणाकडे काय आहे हे माहीत नसल्यामुळे तपासणी प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. गेट म्हणजे काचेची बंद खोली, आणि ती विमान सुटण्याच्या थोडा वेळ आधीच उघडते. त्यामुळे ‘गेटसमोरच्या बाकावर पसरू, बोर्डिंग सुरू झालं की उठू’ हा आपला नेहमीचा बेत इथे चालत नाही. झोपायचं बाहेरच्या दालनात, आणि उठून तपासणीच्या रांगेत लागायचं. टर्मिनल ४ ला तपासणी एकाच ठिकाणी आधी होते, तिथे गेटच्या परिसरात बसता येतं.

झोपण्यासाठी ‘स्नूझ लाउंज’ आहेत. फुकट असतात, पाठीला आणि पायाला आधार देणाऱ्या कलत्या खुर्च्या, दिवे मंद. फलकांवर हीच पाटी शोधा, किंवा माहिती काउंटरवर ‘स्नूझ लाउंज’ एवढे दोनच शब्द म्हणा. अडचण एकच: रात्री दहा-अकरानंतर रिकामी खुर्ची मिळणं नशिबाचं. उतरल्यावर आधी दुकानं बघत फिरलात तर जागा गेली. आधी खुर्ची, मग चहा. दोघं असाल तर एकाने जागा धरायची, दुसऱ्याने पाण्याची बाटली भरून आणायची. खुर्ची नाहीच मिळाली तर हात नसलेल्या लांब बाकांसाठी दालनाच्या टोकाकडे जा, खाण्याच्या दुकानांपासून दूर. गालिच्यावर कोपऱ्यात शाल अंथरून झोपणारेही पुष्कळ असतात आणि त्यांना सहसा कुणी उठवत नाही. फक्त पहाटे सफाईची यंत्रं फिरतात, तेव्हा मधल्या वाटेवर पडू नका.

गारठा मात्र विसरू नका. वातानुकूलन रात्रभर चालू असतं आणि पहाटे तीनला ते हाडात शिरतं. विमानातलं पांघरूण परत करावं लागतं, म्हणून पातळ शाल, पायमोजे आणि कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. कानटोपीला परदेशात हसणारे पहाटे तीनला हसत नाहीत.

रात्री बंदूकधारी सुरक्षारक्षक फेरी मारतात आणि कधी कधी झोपलेल्यांना उठवून पासपोर्ट आणि पुढचा बोर्डिंग पास बघतात. घाबरायचं कारण नाही. दोन्ही कागद गळ्यातल्या पाकिटात ठेवले की अर्धवट झोपेत पिशव्या उपसाव्या लागत नाहीत. चोरीची भीती कमी आहे, म्हणून पर्स बाकावर ठेवून स्वच्छतागृहात जावं असं नाही. पिशवीचा पट्टा मनगटात किंवा पायात अडकवून झोपा.

गादीच हवी असेल तर ट्रान्झिट हॉटेलं इमिग्रेशनच्या आत आहेत. टर्मिनल १ मध्ये एरोटेल आहे. खोली साधारण सहा तासांच्या हिशोबाने मिळते, आधी आरक्षण न केल्यास बहुधा भरलेली असते. पुष्कळ जण इथे फसतात: संकेतस्थळावर ‘चांगी विमानतळ हॉटेल’ शोधलं की ज्वेलमधलं योटेलएअर आणि टर्मिनल ३ ला लागून असलेलं क्राउन प्लाझाही दिसतं. दोन्ही इमिग्रेशनच्या बाहेर. व्हिसा नसलेल्याने ते आरक्षण केलं तर पैसे गेले आणि रात्र बाकावर. आरक्षणाच्या पानावर ‘ट्रान्झिट एरिया’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे जा.

झोप येईल का हे कुठून आलात त्यावर आहे. सिंगापूरची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आणि मेलबर्नच्या दोन तास मागे, तिथे उन्हाळी वेळ चालू असेल तर तीन. परतीच्या प्रवासात चांगीच्या रात्री अकराला शरीरात एक-दोन वाजलेले असतात, झोप लगेच लागते. धोका उठण्याचा. मुंबईहून जाताना उलटं: तिथले एक म्हणजे आपले साडेदहा. फोनचं सिम बंद असेल तर घड्याळ आपोआप बदलेलच असं नाही. गजर लावण्याआधी फलकावरचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ जुळवा आणि दोन फोनवर दोन गजर लावा. चार्जिंगची भोकं ब्रिटिश पद्धतीची, तीन चपट्या पायांची असतात. आपली गोल पायांची पिन बसत नाही, ॲडाप्टर हवा.

पाण्यासाठी पैसे मोजू नका. दालनात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत आणि सिंगापूरचं नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं. खायला रात्रभर काही ना काही उघडं असतं, पण शाकाहारी माणसाची निवड मध्यरात्री पाव-सँडविचवर येऊन थांबते. भाताबरोबर मांस नाही म्हणजे शाकाहारी, असंही समजू नका, आशियाई रश्शांत मासळीची पूड किंवा सुकी कोळंबी असते. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या सगळ्यांत सोयीच्या. जोडीला लोणचं मात्र नको. लोणचं, तूप, श्रीखंड हे तपासणीच्या भाषेत द्रवच आणि १०० मिलीची मर्यादा गेटवरही लागू. पहिल्या विमानतळावर कुणाच्या नजरेतून सुटलं तरी इथे पुन्हा यंत्रातून जावं लागतं. दालनातल्या दुकानात घेतलेली पाण्याची बाटलीही गेटवर रिकामी करावी लागते. ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत आणि पावतीसकट असेल तर चालते, म्हणून ती पिशवी वाटेत फोडायची नाही.

व्हीलचेअर मागितलेल्यांनी एक प्रश्न विचारायलाच हवा. मदतनीस विमानापासून प्रतीक्षेच्या जागेपर्यंत नेतो आणि सोडून जातो. पुन्हा किती वाजता आणि नेमकं कुठून घ्यायला येणार, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. ठरलेली जागा सोडून झोपायला दुसरीकडे गेलात तर तो शोधत राहतो. रात्रीची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

सकाळी विमान सुटायच्या दोन तास आधी उठा. तोंड धुऊन फलकावर गेटचा नंबर पुन्हा बघा आणि सुमारे सव्वा तास आधी त्या दिशेने निघा, कारण टोकाची गेटं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर असू शकतात. आता शेवटची आणि सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट: गेटच्या त्या काचेच्या बऱ्याच खोल्यांत आत स्वच्छतागृह नाही. एकदा तपासणी करून आत गेलात आणि परत बाहेर यावं लागलं, तर रांग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गेट दिसलं तरी आधी शेजारच्या स्वच्छतागृहात जाऊन या, बाटली तिथेच रिकामी करा आणि मग पट्टा, घड्याळ, नाणी ट्रेमध्ये टाका.