तुम्ही विचारलंत म्हणून : व्हीटीएक्ससाठी वेगळा माउंट कशाला?

"डबल टेप आणि झिप टाय असताना एवढ्याशा बोर्डासाठी थ्रीडी प्रिंटर कशाला चालू करता?" माझा तीन इंची पात्यांचा ड्रोन हातात घेऊन उलटसुलट बघणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो.

टेपने व्हीटीएक्स, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र उडवणाऱ्याच्या डोळ्यांवरच्या गॉगलकडे पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर, चिकटतो. त्यात वाद नाही. पण त्याला जागेवर धरून ठेवणं हे माउंटचं, म्हणजे मी प्रिंट केलेल्या बैठकीचं, सगळ्यात सोपं काम. खरी कामं दोन : त्याला वारा लागू देणं आणि अँटेना सांभाळणं.

व्हीटीएक्सवर ४०० मिलिवॅट लिहिलेलं असतं, ती अँटेनाकडे जाणारी शक्ती. बॅटरीतून बोर्ड त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि उरलेल्याची उष्णता होते. उडताना निभावतं, टेबलावर सेटिंग करत बसलात की थोड्याच वेळात हात लावता येत नाही. अशा बोर्डाला खालून फोम टेप लावणं म्हणजे तापलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळणं. म्हणून माझा माउंट डबी नसतो, नुसती चौकट असते. चार कोपऱ्यांना एम२ स्क्रूंसाठी उंचवटे, मधे मोकळं, आणि हीटसिंकची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याची, बाजू वाऱ्याकडे.

शिवाय भोकं जुळत नाहीत ही कटकट आहेच. फ्रेमला २० × २० मिलिमीटरवर भोकं आणि हातातला व्हीटीएक्स २५.५ × २५.५ चा, हे नेहमीचं. मग मी फ्रेमच्या भोकांचा नाद सोडून मागच्या दोन स्टँडऑफना, म्हणजे फ्रेमच्या वरच्या-खालच्या प्लेट जोडणाऱ्या खांबांना, पकडतो. ५ मिलिमीटरच्या स्टँडऑफला ४.८ चं भोक. माउंट टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकचा असतो, ते रबरासारखं ताणतं, त्यामुळे दाबून बसवलं की स्क्रू लागत नाही.

पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं कडक प्लॅस्टिक, इथे नको. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं आणि क्रॅशमध्ये तडकतं. ९५ए कडकपणाचं टीपीयू वाकतं आणि परत जागेवर येतं. पावसाळ्यात मात्र ते हवेतली ओल पितं आणि प्रिंटवर कोळिष्टकं धरतात. रीळ ५० अंशांवर काही तास वाळवून घ्यायचं आणि प्रिंटर सावकाश चालवायचा. घाई केली की मऊ फिलामेंट (रिळावरची प्लॅस्टिकची तार) ती पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरमध्येच गुंडाळतं.

आता अँटेना. फ्रेम कार्बन फायबरची, आणि ते वीजवाहक असल्याने लहरी अडवतं, म्हणून अँटेनाचं टोक फ्रेमच्या बाहेर हवं. पण माझा जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्या टोकाला, यू.एफ.एल. कनेक्टरपाशी. ज्वारीच्या दाण्याएवढं ते प्रकरण, एका हिसक्यात निसटतं. अँटेनाशिवाय व्हीटीएक्स चालू राहिला की पाठवलेली शक्ती उलटून येते आणि आतला अँप्लिफायर जळू शकतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक डिझाइनमध्ये कनेक्टरवर हलकी दाबून बसणारी एक पट्टी असते, आणि केबलला वळण घेऊन बाहेर जायला एक खाच. बाकी माउंट कसाही काढा, ही पट्टी गाळू नका.

अँटेना धरणारी माउंटची बाहेरची नळी मी सुमारे ३० अंश मागे कलती ठेवतो. वेगात ड्रोन पुढे झुकतो, तेव्हा अँटेना उभी होते. नळीने धरायची ती केबल. टोकाचा लहर सोडणारा भाग मोकळाच राहू द्यायचा. आणि पंख्याच्या पात्यांपासून अंतर पंखा हाताने फिरवून बघायचं, स्क्रीनवर नाही.

यानंतरचा ठरलेला प्रश्न : "मग फाइल द्या की!" देतो, पण तुमच्या फ्रेमवर ती बसेलच असं नाही. व्हर्निअरने तीन मापं घ्या : स्टँडऑफचा व्यास, दोन स्टँडऑफच्या मध्यांमधलं अंतर, आणि वरच्या-खालच्या प्लेटमधली उंची. ती पाठवलीत तर आकडे बदलून देतो. स्वतः काढणार असाल तर भिंती १.२ मिलिमीटरच्या ठेवा, ०.४ च्या नोझलला बरोबर तीन फेऱ्या होतात.