आधी आभार कशाचे मानायचे?

जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. तिथे मी आता बरीच रुळले आहे. तरीही परवाच्या सभेहून परतताना मन इतके ढवळून निघाले होते की ते लिहून काढल्यावाचून राहवत नाही. माझ्या यजमानांच्या निवासपरवान्याची मुदत संपण्यापूर्वीच आम्ही नूतनीकरणाचा अर्ज केला, मागितलेले सगळे कागद जोडले, आणि तेव्हापासून संबंधित कार्यालयाकडून ‘प्रतीक्षा करावी’ एवढेच उत्तर येत आहे. हातात एक तात्पुरता दाखला आहे. त्याच्या आधारावर इथे राहता येते, कामही करता येते, परंतु नोकरीचा करार वाढवण्यासाठी कंपनीला मूळ परवानाच हवा आहे. हे सारे मी सभेत सांगितले आणि प्रार्थनेची विनंती केली. समोर बसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “हो, मागू या की. पण या बाबतीत आधी देवाचे आभार कशाकशाचे मानायचे, ते सांग.”

मला राग आला, आणि तो का आला हे आधी नीट सांगते. आजींच्या खिशात इथला पासपोर्ट आहे, दर महिन्याला निवृत्तिवेतन येते, आजारपणाची काळजी विमा घेतो. उद्या एखाद्या कारकुनाने नकाराचा शिक्का मारला तर घरदार, मुलीची शाळा आणि सगळा मांडलेला संसार आवरून निघावे लागेल, ही धास्ती त्यांनी कधी अनुभवलेली नाही. ज्याच्या पायाखाली खडक आहे त्याने पुरात उभ्या असलेल्याला उपकारस्तुतीची आठवण करून द्यावी, हे मला त्या क्षणी फार बोचले.

आपल्याकडे प्रार्थनासभेत चिठ्ठ्या येतात: कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाची बारावी, कोणाची सुटलेली नोकरी. पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचतात आणि सगळी मंडळी मोठ्या आवाजात देवाला साकडे घालते. इथे आल्यापासून काही जणांनी मला आडून सुचवले आहे की, आमची प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी असते. हे मला मुळीच मान्य नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितली आहे. अन्यायी न्यायाधीशाचा पिच्छा पुरवणारी विधवा प्रभूने उदाहरण म्हणून पुढे ठेवली ती तिच्या चिकाटीसाठी, आणि यरीहोच्या वाटेवर ओरडणाऱ्या बार्तीमयाला लोक गप्प करत होते तेव्हा प्रभूनेच थांबून, “मी तुझ्यासाठी काय करावे?” असे विचारले. दुसरीकडे कुठे हात पसरता येत नाही म्हणून जो देवापुढे पसरतो, त्याचा विश्वास हलका कसा ठरेल? उलट मला वाटते की ज्यांच्या बहुतेक गरजा शासन आणि विमा भागवतात, त्यांना मागण्याची सवय उरत नाही, आणि रविवारी इथल्या उपासनेला अर्धे बाक रिकामे दिसतात त्यामागे हेही एक कारण असावे. नोंदणीकृत सभासदांच्या आयकरावर आठ टक्के चर्चकर लागतो, इमारती देखण्या ठेवल्या जातात, ऑर्गन उत्तम वाजतो आणि बाकांवर आमच्यासारखे मोजके लोक असतात. आपल्याकडे सणाच्या उपासनेला दाराबाहेर खुर्च्या मांडाव्या लागतात, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

पण त्या संध्याकाळी पुढे जे घडले ते या अभिमानात कुठे बसवावे, हे मला कळत नाही.

मी काही बोलले नाही, तेव्हा आजींनी स्वतःपासून सुरुवात केली. त्यांचे यजमान स्मृतिभ्रंशामुळे वृद्धाश्रमात आहेत आणि कित्येकदा आजींनाही ओळखत नाहीत, हे मला ऐकून माहीत होते. आजींनी पिशवीतून एक लहान वही काढली. तिच्या डाव्या पानावर त्या आभार लिहितात आणि उजव्या पानावर मागण्या. डावे पान लिहून झाल्याशिवाय उजव्या पानाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम आहे. त्या दिवशीच्या डाव्या पानावर लिहिले होते: आज त्यांनी परिचारिकेला दाढी करू दिली, हात झटकला नाही. हे वाक्य त्यांनी जसे लिहिले होते तसेच वाचले, आवाज न चढवता, चेहऱ्यावर कसलाही आव न आणता, आणि मग हात जोडून देवाचे आभार मानले. उजव्या पानावर यजमान बरे व्हावेत, असे कुठे लिहिलेले नव्हते. ‘उद्या त्यांना भीती वाटू नये’ एवढीच मागणी होती.

त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. आमची नावे घेतली, मुलीच्या शाळेचाही उल्लेख केला, आणि ज्या टेबलावर आमची फाइल पडून आहे त्या टेबलामागच्या अधिकाऱ्यासाठीही प्रार्थना केली. त्याच्यापुढे फायलींचे ढीग असतील, लोक त्याच्याशी चिडून बोलत असतील, त्याला घरी गेल्यावर स्वस्थता मिळो, असे त्या म्हणाल्या. इतके दिवस तो अधिकारी माझ्या प्रार्थनेत केवळ अडथळा म्हणून आला होता. त्याचे मन वळव, असे मी देवाला विनवत होते. त्याचे भले कर, असे माझ्या मनातही आले नव्हते.

घरी आल्यावर मी बायबलमधील, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. कशाविषयीही चिंता करू नका, तर आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा, हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे. त्यात मागणी आहे, म्हणजे माझी बाजू भक्कम आहे. पण आभारही त्याच वाक्यात आहेत, आणि उत्तर मिळाल्यावर आभार माना असे पौलाने म्हटलेले नाही. तो स्वतः त्या वेळी बंदिवासात होता आणि आपल्या खटल्याचा निकाल काय लागेल हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे; नोकरी लागली, ऑपरेशन नीट पार पडले की उभे राहून देवाची उपकारस्तुती करायची. ती पद्धत मला प्रिय आहे आणि ती चुकीची आहे असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र ज्यांच्या प्रार्थनेचे उत्तर अजून आले नाही, त्यांना त्या वेळी बसूनच राहावे लागते. आजींची पद्धत त्यांनाही उभे करते.

या देशाला ही रीत सुबत्तेने शिकवली असे मी परवापर्यंत धरून चालले होते, पण इतिहास तसे सांगत नाही. 1618 ते 1648 या काळात तीस वर्षांच्या युद्धाने हा प्रदेश उद्ध्वस्त केला. सॅक्सनीतील आइलेनबुर्ग या तटबंदीच्या गावात मार्टिन रिंकार्ट नावाचे पाळक होते. युद्धाला भिऊन आसपासचे लोक त्या गावात आश्रयाला आले, आणि 1637 मध्ये प्लेग पसरला. त्या एका वर्षात त्यांनी चार हजारांहून अधिक लोकांना मूठमाती दिली, आणि त्यांत त्यांची पत्नीही होती. याच माणसाने त्या युद्धकाळात लिहिलेले उपकारस्तुतीचे गीत आजही जर्मनीतील मंडळ्यांमध्ये गायले जाते. मुळात ती जेवणाच्या वेळची छोटी प्रार्थना होती. पहिल्या कडव्यात केवळ आभार आहेत, आणि आनंदी मन, शांती व संकटातून सुटका ही मागणी येते ती दुसऱ्या कडव्यात. आजींच्या वहीतल्या डाव्या-उजव्या पानांचा क्रम हाच आहे, आणि तो सुखवस्तूपणातून आलेला नाही, हे मला कबूल करावेच लागते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे कापणीच्या आभाराचा सण असतो. आपल्या हंगामाच्या सणाची मला त्या दिवशी हटकून आठवण येते, कारण वेदीपुढे भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदे आणि पाव तसेच मांडलेले असतात. आपल्याकडे त्या वस्तूंचा लिलाव होतो, एका नारळासाठी दोन घराण्यांत चढाओढ लागते आणि चर्चचे आवार दणाणून जाते. इथे तो सारा शिधा गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेकडे गुपचूप रवाना होतो. मला लिलावच अधिक आवडतो, आणि लोक एकत्र येऊन देवाला देताना हसतात, हे मी इथल्या मंडळीला आवर्जून सांगते. मात्र ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेत नाही अशी इथली माणसेही पावाच्या एका लादीपुढे डोके लववून उभी राहतात, तेव्हा मलाही आदराने मान लववावीशी वाटते.

लूकने सांगितलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परत आलेला एकटा शोमरोनी परका होता. परदेशात राहून हा उतारा वाचताना त्यातला परका मी आहे, असे मला वाटत असे. परवापासून मात्र तो आजींचा चेहरा घेऊन येतो.

परवान्याचे पत्र अजून आलेले नाही. गावाकडच्या मंडळीला मी आज प्रार्थनेची विनंती पाठवत आहे आणि तीच इथेही देते. कार्यालयाची अवघड पत्रे आमच्यासोबत बसून वाचणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल, भाषा येत नव्हती तेव्हा आमच्या मुलीला वर्गात शेजारी बसवून घेणाऱ्या तिच्या बाईंबद्दल, आणि करार लांबला तरी यजमानांची जागा दुसऱ्या कोणाला न देणाऱ्या त्यांच्या साहेबांबद्दल आधी आमच्या वतीने देवाचे आभार माना. त्यानंतर परवाना मिळावा म्हणून, अगदी आपल्या पद्धतीने, मोठ्याने आणि न थकता मागा. आणि फाइलीमागच्या त्या अधिकाऱ्यासाठीही एक ओळ असू द्या. त्याचे नाव आम्हाला माहीत नाही, देवाला आहे.