टाकी बुजवली, पण कागद आहे का?

जमिनीखालच्या इंधनाच्या टाकीचे नियम म्हटलं की आमच्या धंद्यात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. देशाचे वेगळे, राज्याचे वेगळे, त्यावर शहराचे आणखी वेगळे. मी पेट्रोल पंपाचं स्टॉक रजिस्टर सांभाळतो, त्यामुळे कुरकुरणाऱ्यांत मीही असतो. पण स्थानिक नियम काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

रोज सकाळी डिप घ्यायची, म्हणजे टाकीत तेल किती खोल आहे ते खुणांच्या लांब रॉडने मोजायचं. या डिपरॉडच्या टोकाला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट फासायची, रॉड सरळ खाली सोडायचा, तळाला टेकला की वर ओढायचा. पेट्रोलची ओली रेघ बघता बघता उडते, म्हणून आकडा चटकन वाचायचा. पेस्टचा रंग जिथवर बदलला तिथवर पाणी. मग तक्त्यावरून लिटर काढायचे आणि कालचा साठा, आलेला टँकर, झालेली विक्री यांचा ताळा बघायचा.

तो तंतोतंत जुळला तर मलाच संशय येतो! पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. 10,000 लिटर माल 10 अंशांनी तापला तर रजिस्टरात शंभरेक लिटर वाढलेले दिसतात, निवला की तेवढेच गायब. त्यामुळे एका दिवसाच्या घटीने कोणी घाबरत नाही. फरक कधी अधिक, कधी उणा असा झुलत असेल तर ठीक. रोज थोडा थोडा उणाच येऊ लागला की मात्र मॅनेजरला उठवायचं. अमेरिकेच्या नियमांत या ताळ्याला महिन्याच्या उलाढालीच्या 1 टक्का अधिक 130 गॅलन, म्हणजे सुमारे 490 लिटर, एवढी सूट आहे. माझ्या मते ती फारच सढळ. शेजारी विहीर असेल तर एवढं तेल जिरेपर्यंत थांबायचं कशाला?

आणि नियम वरूनच येतात असंही नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात एका सेमीकंडक्टर कारखान्याच्या जमिनीखालच्या टाकीतलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं रसायन, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरलेलं आढळलं. सांता क्लारा काउंटीतल्या स्थानिक संस्थांनी 1983 मध्ये स्वतःचा नमुना नियम तयार केला. त्याच वर्षी राज्याने कायदा केला, 1984 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने. देशभराचे सविस्तर नियम 1988 चे, आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला मुदत होती 22 डिसेंबर 1998 पर्यंत. विहिरीचं पाणी पिणारे सगळ्यांत आधी जागे झाले, यात नवल काय?

एवढं होऊनही केंद्राने दोन गोष्टी सोडल्या: जागेवरच जाळायच्या हीटिंग ऑइलच्या, म्हणजे इमारत उबदार ठेवायच्या तेलाच्या टाक्या, आणि शेतावरच्या किंवा घरच्या, विक्रीसाठी नसलेल्या, 1,100 गॅलनपर्यंतच्या इंधनाच्या टाक्या. त्यांच्यावर नजर ठेवायची तर राज्याने नाहीतर गावाने.

बंद पडलेली टाकी तर सगळेच विसरतात. तेल संपलं तरी वाफ आत राहते, आणि हवेत पेट्रोलची वाफ दीड-दोन टक्के झाली तरी ठिणगी पुरते. म्हणून टाकी रिकामी करून, धुऊन एकतर उपसून काढतात किंवा वाळू-काँक्रीटसारख्या भरावाने भरतात. जुना प्लॉट घेणार असाल तर कुंपणालगत विनाकारण उभा असलेला बारीक पाईप दिसतो का बघा. तो व्हेंट पाईप, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाईप, असू शकतो. असेल तर टाकी बंद केल्याचा दाखला आणि मातीच्या तपासणीचा अहवाल मागा, तोही इसार देण्याआधी.