मदर तेरेसा: मठ सोडून मठ उभारताना

मदर तेरेसांची गोष्ट सांगताना बहुतेक जण १० सप्टेंबर १९४६च्या दार्जिलिंगच्या रेल्वेप्रवासावरून, म्हणजे मठ सोडून गरिबांत राहण्याची हाक त्यांना आली तिथून, थेट कालीघाटच्या ‘निर्मल हृदय’ या मरणासन्नांसाठीच्या घरावर पोहोचतात. मधली वर्षं गाळली जातात. संस्था कशी उभी राहते ते मात्र त्याच वर्षांत कळतं.

मनात आलं म्हणून सिस्टरला मठाबाहेर पडता येत नाही. मदर तेव्हा शाळा चालवणाऱ्या सिस्टरांच्या लोरेटो संघात होत्या आणि १९३७ साली त्यांची आजन्म व्रतं झाली होती. अशा सिस्टरपुढे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे व्रतांतून कायमची मोकळीक. मग काम फसलं तर परतीचं दार बंद. दुसरी म्हणजे व्रतं कायम ठेवून ठरावीक मुदतीपुरतं मठाबाहेर राहणं. चर्चच्या कायद्यात हिला एक्सक्लॉस्ट्रेशन म्हणतात. कोलकात्याचे आर्चबिशप फर्डिनांड पेरिये यांनी वर्षभराहून जास्त थांबायला लावलं. त्याबद्दल त्यांना दोष दिला जातो, पण मला तो पटत नाही. पैसा कुठून येणार, नव्या संघात मुली टिकतील का, हे विचारणं त्यांचं कामच होतं. मात्र अर्ज पहिल्याच वाटेने करा, हा त्यांचा आग्रह कठोर होता. मदरनी तसाच अर्ज केला. रोमने दिली दुसरी वाट, एका वर्षासाठी. परवानगीवर तारीख १२ एप्रिल १९४८ची होती, पण मदरना ती कळली ८ ऑगस्टला. १७ ऑगस्टला निळ्या काठांची पांढरी साडी नेसून त्या बाहेर पडल्या.

लगेच वस्तीत गेल्या नाहीत. आधी पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टरांच्या दवाखान्यात शुश्रूषा शिकल्या. आपल्या सिस्टरांनी फक्त भात आणि मीठ खावं, हा त्यांचा बेत तिथेच मोडला. वस्तीत दिवसभर राबणारी मुलगी अशा आहारावर क्षयाला बळी पडेल, असं पाटण्याच्या सिस्टरांनी बजावलं. साधं, पण पोटभर जेवण हा नियम तिथून आला.

मार्च १९४९मध्ये पहिली मुलगी आली, मदरचीच विद्यार्थिनी सुभाषिनी दास. पुढे ती सिस्टर अ‍ॅग्नेस झाली. ७ ऑक्टोबर १९५०ला मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांना चौथं जोडलं गेलं: गरिबांतल्या गरिबांची विनामोबदला सेवा. पण ही मान्यता धर्मप्रांतापुरती होती. म्हणजे सगळा कारभार आर्चबिशपच्या हाताखाली, आणि पहिली जवळजवळ दहा वर्षं कोलकात्याबाहेर घर नाही. १ फेब्रुवारी १९६५ला संघ थेट रोमच्या अखत्यारीत गेला आणि त्याच वर्षी व्हेनेझुएलात घर उघडलं.

रोमच्या या निर्णयाच्या दोनच महिने आधी, डिसेंबर १९६४मध्ये, पोप पॉल सहावे युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी मुंबईत आले होते. जाताना त्यांनी आपली पांढरी लिंकन गाडी मदरना दिली. मदर त्या गाडीतून हिंडल्या नाहीत. लॉटरी काढून आलेला पैसा त्यांनी शांतिनगरच्या कुष्ठरोग वसाहतीला लावला. मुंबईत भायखळ्याचं आशादान हे संघाचं घर त्यानंतरचं, १९७६चं. जागा हिंदुस्तान लिव्हरने दिली.

आशादानात गेलात तर साडीकडे बघा. काठ निळे असतील तर त्या सिस्टरची व्रतं झालेली आहेत. साडी पांढरीशुभ्र, बिनकाठाची असेल तर ती नोव्हिस, अजून व्रतं न घेतलेली. पहिली व्रतंही आजन्म नसतात. काही वर्षं ती मुदतीची असतात, मग शेवटची. तोवर मुलीला परत जाता येतं, आणि संघालाही तिला नाही म्हणता येतं.