तुम्ही विचारलंत म्हणून : अंडी, जवस आणि युरोपातली चित्रं

‘सर, कलेच्या इतिहासाचा तर लेखी पेपर असतो. नोट्स दिल्या की पोरं पाठ करतील. मग त्यांना अंडी फोडायला अन् चुना कालवायला कशाला लावता?’ भुसावळात माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचे आईवडील हे हमखास विचारतात. म्हणून एकदा नीट सांगतो.

इटलीतल्या सिएना शहरातली मूळ चित्रं आमच्या मुलांना बघायला मिळत नाहीत. मिळतात ते फोटो. आणि फोटोत भिंतीवरचं चित्र, लाकडी फळीवरचं चित्र अन् तैलचित्र, सगळ्यांची चकाकी सारखीच. मूळ चित्र हाती येत नसलं तरी ते करायची रीत हाती घेता येते.

अंड्याचंच बघा. सिएनातली फळीवरची जुनी चित्रं बलकात कालवलेल्या रंगांनी केलेली. बलक या तळहातावरून त्या तळहातावर घेत पांढरं पुसून काढायचं. मग त्याचं पातळ कातडं चिमटीत धरून सुईने टोचायचं. बलक वाटीत उतरतो, कातडं बोटांत राहतं. त्यात थोडं पाणी आणि घोटलेला रंग घालायचा. हा रंग ब्रश टेकताच वाळतो, छटा एकमेकींत मिसळायला सवडच देत नाही. म्हणून रेघेला लागून बारीक रेघ ओढत जायचं. चेहऱ्याच्या गुलाबीखाली आधी हिरव्या मातीचा थर देतात. सिएनाचा जुना चित्रकार दुच्चो, त्याच्या चित्रांतले चेहरे आज हिरवट दिसतात, कारण वरचा गुलाबी विरत गेला आणि खालचा हिरवा वर आला. हे थर स्वतः दिलेल्या मुलीला ते समजावून सांगावं लागत नाही. अशी हिरवी माती आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही सापडते. अजिंठ्याच्या चित्रांतही ती आहे.

१४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने लिहून ठेवलंय : तरुण चेहऱ्याला शहरातल्या कोंबडीचा फिका बलक घ्या, म्हाताऱ्या-सावळ्या चेहऱ्याला खेड्यातल्या कोंबडीचा तांबूस. आम्ही पोल्ट्रीचं आणि गावरान अंडं शेजारी-शेजारी फोडतो. सहाशे वर्षांपूर्वीचा माणूस काय म्हणतोय ते मुलांना तिथल्या तिथे पटतं. (ज्यांच्या घरी अंडं चालत नाही, ती मुलं तेलावर काम करतात. त्यात कमीपणा काहीच नाही.)

तेल म्हणजे जवसाचं, आपण चटणी करतो त्याच जवसाचं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल तसं वाळतच नाही. या सावकाशीमुळेच यान व्हान आइक या युरोपातल्या चित्रकाराला १४३४ च्या आर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रात पितळी झुंबराची लकाकी इतकी मऊ उतरवता आली.

भिंतीचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चुना ओला असतानाच रंग लावला, तर चुन्याबरोबर तो भिंतीत कायमचा बसतो. यालाच फ्रेस्को म्हणतात. पण काम त्याच दिवशी उरकावं लागतं. लिओनार्दोला ही घाई नको होती. मिलानचं ‘अखेरचं भोजन’ (१४९५-९८) त्याने कोरड्या भिंतीवर केलं आणि त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. अजिंठ्याची चित्रंही कोरड्या गिलाव्यावरचीच, पण तिथली रीत वेगळी : मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि डिंक-सरसातले रंग. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी त्यांवर शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, चढवलं. पुढे ते पिवळं पडलं.

आता अजिंठ्यात कुणी ‘ही फ्रेस्को चित्रं’ म्हणालं, की मुलं अदबीने विचारतात, ‘रंग लावला तेव्हा चुना ओला होता का?’ पेपरात एवढंच लिहिलं तरी मार्क मिळतात.