टेनिसनची बहीण

दुपारी जेवून लवंडलो होतो, तेवढ्यात भाच्याचा स्टेटस दिसला. 'प्रेमच न करण्यापेक्षा प्रेम करून गमावलेलं बरं.' खाली तुटलेला बदाम. पोराचं कुठंतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच कुणी विचारत नाही.

ही ओळ मूळची इंग्रज कवी टेनिसनची, पण ती त्याने कुठल्या मुलीसाठी लिहिलेली नाही. केंब्रिजमधला त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम १८३३ च्या सप्टेंबरात व्हिएन्नात अचानक गेला, वय अवघं २२. टेनिसन पुढे कितीतरी वर्षं त्याच्यासाठी कविता लिहीत राहिला, त्याही खाटकाच्या खातेवहीसारख्या दिसणाऱ्या एका लांबट वहीत. १८५० साली या कवितांचं पुस्तक 'इन मेमोरियम' निनावी निघालं, तेव्हा एका समीक्षकाने ठोकून दिलं की, ही कुणा लष्करी अधिकाऱ्याची विधवा दिसते!

मला त्यातला सातवा भाग आवडतो, तीनच कडव्यांचा. झोप लागत नाही म्हणून हा भल्या पहाटे विम्पोल स्ट्रीटवर हॅलमच्या अंधाऱ्या घरासमोर जातो, चोरासारखा. तो आत नाही हे माहीत असून.

आमच्या आळीतल्या मित्राच्या वडिलांची बदली झाली, तेव्हा शाळेतून येताना मीही वाकडी वाट करून त्यांच्या दारावरून यायचो. दाराला कुलूप. पायरीजवळ आमची गोट्यांची गल तशीच, पावसाच्या पाण्याने भरलेली. आजूबाजूला कुणी नाहीसं बघून मी कडी वाजवायचो. उशीर का झाला म्हणून आईने विचारलं की, 'कवायत होती.' गणपतीनंतर तिथं नवं बिऱ्हाड आलं. त्यांच्याकडे कॅरम होता. आठवड्याच्या आत मी त्यांच्या ओसरीवर.

टेनिसनचं दुःख पुढे चांगलंच गाजलं. १८५० सालीच तो राजकवी झाला, आणि नवरा आल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियाला बायबलच्या खालोखाल याच पुस्तकाचा आधार वाटला. माझा जीव मात्र त्याच्या बहिणीत अडकतो. हॅलमचं लग्न ठरलं होतं ते एमिलीशी. तो गेल्यावर ती पहिल्यांदा चारचौघांत आली ती काळ्या कपड्यांत, केसांत एकच पांढरा गुलाब. त्याला आवडायचा तसा. हॅलमच्या वडिलांनी तिला वर्षाला ३०० पौंड लावून दिले. आणि १८४२ साली तिने रिचर्ड जेसी नावाच्या नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं!

केवढा गहजब झाला. बाईने जन्मभर तो गुलाब माळून बसावं, अशी लोकांची अपेक्षा. थोरल्या मुलाचं नाव तिने आर्थर ठेवलं. (जेसीसाहेब त्यावर काय म्हणाले, हे मला फार विचारावंसं वाटतं.)

उतारवयात आत्म्यांशी बोलणाऱ्या कुणीतरी तिला म्हणे सांगितलं, वर गेलीस की तुझी नि आर्थरची कायमची गाठ पडेल. त्यावर ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "रिचर्ड, हा शुद्ध अन्याय आहे, मला नाही चालायचा. इथले वाईट दिवस आपण दोघांनी काढले ना? मग तिथले चांगलेही तुझ्याबरोबरच."